मेजरच्या शेजारी काय घ्यायचं?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडळात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे जपून ठेवलेली काही गोंडी हस्तलिखितं २००६च्या सुमाराला प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती आली. भाषा गोंडी, पण लिपी देवनागरी नाही आणि तेलुगूही नाही. गावातल्या मोजक्या म्हाताऱ्या माणसांनाच ती वाचता येत होती. जून २०१८मध्ये हीच लिपी ‘गुंजाला गोंडी’ या नावाने युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. तिच्या प्रत्येक अक्षराला आता जगभरचे संगणक ओळखतील असा एक कायमचा क्रमांक आहे.

लिपी युनिकोडमध्ये जाते तेव्हा दोन तऱ्हेची कामं व्हावी लागतात. अक्षरं नेमकी किती? दोन हस्तलिखितांत वळण वेगळं दिसतं, तर ते दोन वेगळी अक्षरं आहेत की एकाच अक्षराचे दोन हात? जोडाक्षर कसं करायचं, शब्दकोशात क्रम कोणता लावायचा? ही उत्तरं भाषा जाणणाऱ्याने द्यायची. पुढचं काम संगणकवाल्याचं. गुंजाला गोंडीला युनिकोडमध्ये ८० जागांचा पट्टा मिळाला आहे, तो ७३,०५६पासून सुरू होतो. हा आकडा ६५,५३५च्या पुढचा आहे, आणि खरी मेख तिथे आहे. ‘जगातली सगळी अक्षरं ६५,५३६ खणांत मावतील’ असं धरून लिहिलेली कितीतरी सॉफ्टवेअर अजून चालू आहेत. जावास्क्रिप्टमध्ये गुंजाला गोंडीच्या एका अक्षराची लांबी विचारली, तर उत्तर येतं दोन. नाव लिहिण्याच्या चौकटीत ‘वीस अक्षरांची मर्यादा’ घातली असेल, तर गोंडीत लिहिणाऱ्याला दहाच मिळणार.

मराठीही या घोळातून सुटलेली नाही. ‘क्षि’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक तिसरीतल्या पोराला कळतो. पण ‘ऱ’ म्हणजे ‘र’चीच चुकीची टंकनखूण असं समजून ‘साफसफाई’ करणारा प्रोग्राम अर्ध्या मराठी मजकुराचं वाटोळं करून ठेवतो. भाषेच्या पदवीधराला ही गंमत कुणी सांगत नाही, आणि संगणकाच्या पदवीधराला ‘सुऱ्या’तला ऱ्य ऐकू येत नाही. कॉलेजात एका मुख्य विषयाशेजारी दुसरा विषय शिकण्याची जी सोय आता झाली आहे, तिचा उपयोग नेमका इथे आहे, आणि याच कसोटीवर ती निवडावी असं माझं म्हणणं आहे. मायनर आपल्या मेजरमधल्या, शक्यतो आपल्या मुलखातल्या, एखाद्या खऱ्या प्रश्नाला भिडता यावं म्हणून घ्यावं. बाजारात त्याच्या नावाला काय भाव आहे, हे नंतर बघावं.

हे आदिलाबादहून सांगण्याला कारण आहे. इथला मराठी मुलगा दोन शिक्षणपद्धतींच्या सीमेवर उभा असतो. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तोवर किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. रेघ ओढली गेली, ते दोन्ही महाराष्ट्राच्या बाजूला गेले. बेला, जैनथ, तलमडुगू इकडे राहिले. सोयरिकी मात्र रेघ बघून होत नाहीत. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी हिंदी, शेजारच्या गुड्यात गोंडी किंवा कोलामी, आणि इंटरपासून पुढे बहुतेकांना इंग्रजी. बारावीनंतर प्रश्न येतो की इकडे काकतीय विद्यापीठाखालच्या कॉलेजात जायचं, की पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे अमरावती विद्यापीठात, की किनवट-नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. राजुऱ्याकडे गेलं तर गोंडवाना विद्यापीठ. अंतरं फार नाहीत, पण विषय निवडण्याची रीत इकडे एक आणि तिकडे दुसरी.

इकडची रीत अशी. २०१६पासून तेलंगणातले पदवीचे प्रवेश ‘दोस्त’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. बी.एस्सी.ला परंपरेने तीन विषय बरोबरीने शिकायचे: गणित-भौतिक-रसायन म्हणजे एमपीसी, रसायनाच्या जागी संगणक घेतला की एमपीसीएस, गणित-संख्याशास्त्र-संगणक म्हणजे एमएससीएस, वनस्पती-प्राणी-रसायन म्हणजे बीझेडसी. यात थोरला-धाकटा असा भेद नाही. पलीकडे महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चौकट २०२३मध्ये स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४पासून संलग्न कॉलेजांत आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम असे खण पडले आणि पालकांच्या तोंडी क्रेडिट हा शब्द बसला.

मला विचाराल तर तेलंगणातल्या जुन्या त्रिकुटाला उगाच मागास समजलं जातं. एमएससीएस घेतलेल्या मुलीने तीन वर्षांत गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांची जी बांधणी केलेली असते, ती कित्येक झगमगीत नावांच्या अभ्यासक्रमांत मिळत नाही. त्रिकुटाची अडचण वेगळीच आहे. तिन्ही विषयांचे प्राध्यापक आपापल्या वर्गात येतात, आपापला धडा संपवतात, आणि तिन्हींची गाठ कुणी घालून देत नाही. ती विद्यार्थ्यालाच घालावी लागते. महाराष्ट्रातल्या मायनरलाही हेच लागू आहे. तिथे फक्त कागदावर गाठ घातल्यासारखी दिसते.

आता थोडा हिशेब, कारण ‘मायनर म्हणजे फार काही नसतं’ ही समजूत तेवढ्याने जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये जी चौकट दिली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. त्यांतले ६० मेजरचे, २४ मायनरचे. चार वर्षांच्या पदवीत एकूण १६०, मेजर ८०, मायनर ३२. राज्यांनी आणि विद्यापीठांनी यात आपापले फेरफार केले आहेत, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रकच शेवटी खरं. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास वर्ग किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चोवीसपैकी आठ क्रेडिट प्रात्यक्षिकाचे धरले, तर २४० तास वर्गात आणि २४० तास प्रयोगशाळेत, मिळून ४८०. ४८० तासांत माणूस एखादी प्रोग्रामिंग भाषा चांगली शिकतो, डेटाबेस हाताळायला लागतो, संख्याशास्त्राचा पाया घालतो. नुसतं हजेरीपुरतं बसला, तर तेवढेच तास वायाही जातात. इंजिनिअरिंगचा मामला वेगळा: तिथे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात नेहमीच्या साधारण १६० क्रेडिटच्या वर १८ ते २० क्रेडिट जादा करून मायनर मिळतं. ते ओझं वरचं असतं, म्हणून ज्याला पहिल्या वर्षाच्या गणितातच धाप लागली आहे त्याने त्या फंदात पडू नये.

आकडे बाजूला ठेवून आता कापसाच्या यार्डात जाऊ. आदिलाबादचा कापूस बाजार दसरा-दिवाळीपासून भरतो आणि दर हंगामात एकाच गोष्टीवरून हमरीतुमरी होते: ओलावा. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने घेतं तेव्हा ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात, आणि १२च्या वर गेला की गाडी परत. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लांबला की सगळा वाद एका हातातल्या यंत्रावर येऊन थांबतो. हे यंत्र ओलावा थेट मोजत नाही. ते कापसातून जाणाऱ्या विजेला किती विरोध होतो ते मोजतं; कापूस जितका ओला तितका विरोध कमी, आणि त्यावरून आतल्या तक्त्याने टक्का दाखवतं. तापमान बदललं, कापूस सैल भरला किंवा दाबून भरला, की आकडा हलतो.

भौतिकशास्त्र मेजर आणि संगणक किंवा संख्याशास्त्र मायनर असलेल्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुने घ्यायचे, यंत्रावर वाचन घ्यायचं, मग तोच नमुना तोलून भट्टीत १०५ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. खरा ओलावा एका अक्षावर, यंत्राचा आकडा दुसऱ्या अक्षावर, दोन्हींत संबंध बसवायचा आणि चूक किती राहते ते काढायचं. विरोध हा भाग भौतिकाचा, रेषा बसवणं संख्याशास्त्राचं, शेकडो वाचनं नीट ठेवून आलेख काढणं पायथनचं. आणि मग एक बारकावा हाती लागतो. १०० ग्रॅम कापसात १२ ग्रॅम पाणी असेल, तर एकूण वजनाच्या हिशेबाने ओलावा १२ टक्के होतो. पण कापड-उद्योगाच्या प्रयोगशाळेत पाण्याची तुलना कोरड्या कापसाशी करण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १२ भागिले ८८, म्हणजे साधारण १३.६ टक्के. कापूस तोच, पाणी तेवढंच, आकडे दोन. कोणत्या पायावर बोलतो आहोत हे न सांगता टक्के फेकणारा माणूस चार-सहा क्विंटलच्या गाडीवर भांडण लावून देऊ शकतो. २०२५च्या हंगामात महामंडळाने ‘कपास किसान’ नावाचं ॲप आणलं, शेतकऱ्याने आधी नोंदणी करून वेळ घ्यायची. म्हणजे यार्डाच्या दारापर्यंत सॉफ्टवेअर आलेलंच आहे. ते बनवणाऱ्यांत कापूस हाताळलेलं कुणी असेल तर बरंच.

जीवशास्त्राकडच्या मुलांसाठी दुसरं उदाहरण जवळचं आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये सिकलसेलचा आजार आढळतो. १ जुलै २०२३ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा भर मोठ्या प्रमाणावर तपासणी करण्यावर आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक मूल होण्याची निम्मी. एवढं बीझेडसीच्या पहिल्या वर्षात येतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा, एखाद्या समाजात सदोष जनुकाचं प्रमाण ५ टक्के आहे. हार्डी आणि वाइनबर्गच्या सूत्राने साडेनऊ टक्के लोक वाहक आणि ४००मध्ये एक आजारी, असा अंदाज निघतो. पण सूत्र गृहीत धरतं की लग्नं कुठल्याही भेदाशिवाय होतात, आणि आपल्याकडे तर ती गोत्र, सगा, गाव बघूनच ठरतात. लहान वस्त्यांत नात्यागोत्यात लग्नं होत गेली की ४००मध्ये एक हा अंदाज कोसळतो. मग कुठल्या वस्तीत आधी तपासणी करायची, किती नमुने घेतले म्हणजे खात्रीने बोलता येईल, एखाद्या गावात ४० जण तपासून एकही आजारी सापडला नाही याचा अर्थ काय? ही सगळी संख्याशास्त्राची भाषा आहे.

आणि इथेच इंटरला बायपीसी, म्हणजे जीव-भौतिक-रसायन, घेतलेल्यांची कोंडी होते. गणित दोन वर्षांपूर्वी सुटलेलं, संख्याशास्त्र म्हटलं की अंगावर काटा. तरीही माझं मत ठाम आहे: जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी संख्याशास्त्र घ्यावं आणि मग संगणक. उलटं केलं, तर तो प्रोग्राम चालवायला शिकतो आणि आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही हे त्याला कळत नाही. लागणारं गणित दहावीच्या बीजगणितापासून फार लांब नाही. लघुगणक, संभाव्यता, थोडे आलेख. एखाद्या उन्हाळ्यात होण्यासारखं आहे.

आपल्याकडे दुसऱ्या विषयाच्या जोरावर मुख्य विषय पालटून टाकणाऱ्या माणसांत दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घ्यावंच लागतं. १९०७मध्ये गोव्यातल्या कोसबेनला जन्म, हार्वर्डची १९२९ची पदवी, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गणिताची प्राध्यापकी. १९४४मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र मांडलं. जनुकशास्त्राच्या पुस्तकांत आणि संगणकी साधनांत ते आजही कोसंबी फलन म्हणून वापरलं जातं. त्याच सुमाराला ते जुनी आहत नाणी तोलत होते. नाणं हातोहात फिरतं, झिजतं, वजन घटतं. म्हणून एकाच ठिकाणी सापडलेल्या हजारो नाण्यांची वजनं नीट तोलली आणि त्यांची सरासरी व पसारा तपासला, तर कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा याचा अंदाज बांधता येतो. नाण्यावरचं चित्र वाचणारे विद्वान तेव्हा बरेच होते. त्याच्या वजनाला प्रश्न विचारणारा गणिती एखादाच. कोसंबींचा हा इतिहास कॉलेजच्या कुठल्याही चौकटीत बसत नाही, पण मायनर कशासाठी घ्यायचं हे त्या तराजूपाशी स्पष्ट दिसतं.

आदिलाबादच्या बाबतीत सेतुमाधवराव पगडींना विसरून चालणार नाही. निलंग्यात १९१०मध्ये जन्मलेले, पेशाने हैदराबाद संस्थानातले प्रशासकीय अधिकारी. आदिवासी मुलखात नेमणूक झाली तेव्हा ते गोंडी आणि कोलामी शिकले, आणि त्यांनी लिहिलेलं कोलामीचं व्याकरण १९५०मध्ये हैदराबादला छापलं गेलं. बरो आणि एमनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्दांच्या नोंदींत या व्याकरणाचा हवाला जागोजाग येतो. तो कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, आपला मोल्सवर्थही तिथेच आहे. म्हणजे एका अधिकाऱ्याने कचेरीची वेळ सांभाळून केलेलं काम आज मराठीच्या किंवा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामने चाळता येतं: कोलामीतले किती शब्द वऱ्हाडी मराठीशी जुळतात, किती तेलुगूशी, हा प्रश्न एका सत्राच्या प्रकल्पात बसतो. कलाशाखेच्या मुलांना संगणकाचं मायनर कशाला, असं विचारणाऱ्या प्राचार्यांना मी हे उदाहरण देतो.

तसा हा विचार नवा नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणितज्ञांनी बेसिक ही संगणकभाषा बनवली, १ मे १९६४च्या पहाटे तिच्यातला पहिला प्रोग्राम चालला. त्यांच्या डोळ्यांसमोर विज्ञानाचे विद्यार्थी नव्हतेच. समाजशास्त्र आणि साहित्य शिकणारी मुलं संख्येने जास्त होती आणि त्यांना संगणक वापरता यावा हा हेतू होता. पन्नास वर्षांनी इलिनॉय विद्यापीठाने संगणकशास्त्राशी मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, खगोल, रसायन असे विषय जोडून पूर्ण पदव्याच सुरू केल्या. त्यात संगणकाचा पाया पातळ केलेला नाही. आपल्याकडे अनेकदा उलट घडतं. ‘कॉम्प्युटर मायनर’ या पाटीखाली पहिल्या सत्रात वर्ड, दुसऱ्यात एक्सेल, तिसऱ्यात इंटरनेटची ओळख. यातली कौशल्यं उपयोगी आहेत, पण त्यासाठी २४ क्रेडिट घालवायचे नसतात. वाणिज्यच्या मुलांना टॅली शिकवून तेच संगणकाचं मायनर म्हणून खपवणं तर सरळ फसवणूक आहे. टॅली दोन महिन्यांत शिकता येतं. वाणिज्यवाल्याला डेटाबेस आणि संख्याशास्त्र हवं, म्हणजे जीएसटीच्या हजारो नोंदींत विसंगती कुठे आहे ते त्याला स्वतः शोधता येईल.

सध्या सगळ्यांना हवं असतं ते एआयचं मायनर. घरोघरी हेच चालू आहे, आणि त्यामागची घाई मला कळते. पण अभ्यासक्रम उघडून बघावा. रेषीय बीजगणित, संभाव्यता, एक प्रोग्रामिंग भाषा आणि डेटा रचना यांच्याशिवाय जर तो थेट ‘मशीन लर्निंगची ओळख’पासून सुरू होत असेल, तर तिथे तयार साधनांची बटणं दाबायला शिकवणार आहेत, आणि बटणं दर सहा महिन्यांनी बदलतात. उलट ज्याचं नाव साधं ‘गणित’ किंवा ‘संख्याशास्त्र’ आहे, त्याच्या वाटेला कुणी जात नाही आणि त्या वर्गात शिक्षकाला वेळही असतो.

एआय स्वतः प्रोग्राम लिहून देतं, मग शिकायचं कशाला, हा प्रश्न हल्ली हटकून येतो. २३ फेब्रुवारी २०२५च्या ‘मन की बात’मध्ये आदिलाबादच्या सरकारी शाळेतले शिक्षक थोडसम कैलाश यांचा उल्लेख झाला होता, एआयची साधनं वापरून त्यांनी कोलामीत गाणं तयार केलं. ही साधनं त्यांच्याइतकीच कुणाही शहरी पोराच्या फोनमध्ये आहेत. पण यंत्राने उच्चार बिघडवला हे ओळखायला कोलामी कानात असावी लागते. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या अनुवाद-साधनाची चाचणी आवृत्ती आणली. तिच्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. ही गोंडी छत्तीसगडकडची. आदिलाबादची गोंडी तिच्याहून बरीच वेगळी, म्हणून उटनूरच्या आजीला ते वाक्य कितपत कळेल हे कुणीतरी गावात जाऊन, वाक्यं मोजून, चुकांची वर्गवारी करून तपासायला हवं. ते काम कॉलेजातला विद्यार्थी करू शकतो. त्याला प्रोग्राम स्वतः लिहिता आला नाही तरी वाचता यायला हवा, नाहीतर चूक साधनाची की त्याच्या मोजणीची, हे कळणार नाही.

आता कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहून काय विचारायचं? परिचयपत्रकातली नावं बाजूला ठेवून चौथ्या ते सहाव्या सत्राचा अभ्यासक्रम मागावा, कारण पहिलं सत्र सगळ्यांचंच सोपं असतं. प्रयोगशाळेत एका यंत्रावर किती मुलं बसतात ते स्वतः जाऊन बघावं. तिघं असतील तर एक टाइप करतो आणि दोघं शिकत नाहीत. शिकवणारी व्यक्ती कायम आहे की दर सत्राला बदलते, हे वरच्या वर्गातल्या पोरांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं. आणि मेजरचा प्रकल्प मायनरच्या साधनांनी करायला परवानगी मिळते का, हे विभागप्रमुखांकडून ऐकून घ्यावं. यातल्या कशालाच समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर माझा सल्ला असा की कागदावर मायनर दुसरं काहीतरी नीट शिकवलं जाणारं घ्यावं, भूगोल किंवा अर्थशास्त्रही चालेल, आणि संगणक बाहेरून शिकावा.

बाहेरून शिकणं आता बरंच सोपं झालं आहे. जुलै २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर आयआयटींचे आणि इतर संस्थांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, परीक्षा दिली आणि विद्यापीठाने मान्य केलं, तर २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे क्रेडिट तिथून घेता येतात. आयआयटी मद्रासने २०२०मध्ये ऑनलाइन पदवी सुरू केली, डेटा सायन्सची. तिला जेईई लागत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, आणि आधी चार आठवड्यांची एक पात्रता फेरी पार करावी लागते. बीझेडसी करणाऱ्या मुलीसाठी हा रस्ता उघडा आहे. मात्र आधीच्या पदवीसोबत दुसरी पदवी ओढणं सोपं नाही, आणि अर्ध्यावर सोडणारी मुलं पुष्कळ असतात. म्हणून आधी स्वयम्‌वरचा एखादा आठ-बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम शेवटापर्यंत नेऊन बघावा. तो पार पडला तर पुढचं बोलणं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा बाऊ करू नये, पण तिला हलक्यातही घेऊ नये. सुरुवातीचे तीन-चार आठवडे व्याख्यान थांबवत थांबवत, वही घेऊन, शब्द मराठीत लिहीतच ऐकावं लागतं.

पुढच्या दारांची चौकशी मात्र आधी करावी, नंतर नाही. मायनर केलं म्हणून त्या विषयाच्या एम.एस्सी.ला आपोआप प्रवेश मिळत नाही. कुठे ठरावीक क्रेडिटची अट असते, कुठे त्याच विषयाची पदवी मागतात. एमसीएला बारावीत किंवा पदवीला गणित लागतं की ब्रिज कोर्स चालतो, हे राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतं. शिक्षकभरतीत पदवीला कोणते विषय होते याला फार महत्त्व असतं, आणि आदिलाबाद-किनवटकडच्या घरांत शिक्षकाची नोकरी हा आजही मोठा आधार आहे; तिकडे जायचं असेल तर त्रिकुट मोडण्याआधी त्या राज्याची भरतीची अधिसूचना वाचावी. सीमा ओलांडून नोकरी करायची असेल, तर दोन्ही राज्यांची.

निवड चुकली असं दुसऱ्या वर्षात वाटलं, तर काय? जुन्या पद्धतीत शाखा बदलणं म्हणजे वर्ष जाणं. नव्या चौकटीत केलेले क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या राष्ट्रीय खात्यात जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी विद्यार्थ्याचा आयडी काढलेला हवा आणि कॉलेजने गुण वेळेवर चढवलेले हवेत. दर सत्राच्या निकालानंतर स्वतः लॉग-इन करून आपले क्रेडिट तिथे दिसतात का ते बघावं. दिसत नसतील, तर परीक्षा विभागात त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.